इंजिनाचा मोकळा श्वास

माझ्या जुन्या गाडीच्या रोटरी इंजिनाचं एक्झॉस्ट पोर्ट, म्हणजे धूर बाहेर पडायचं तोंड, मी कानशीने घासून रुंद केलं. धूर अडखळला नाही की गाडी जोर धरते, आवाजही दणदणीत होतो. तेव्हापासून रोज सकाळी दारात गाडी चालू करून मी तो आवाज कौतुकाने ऐकत उभा राहतो.

आज समोर लक्ष गेलं. शेजारच्या वहिनी पायरीवर तान्ह्याला घेऊन बसल्या होत्या. त्याचा एक कान छातीशी, दुसऱ्यावर त्यांचा तळहात. इंजिनाने मोकळा श्वास घ्यावा म्हणून मी इतका झटलो. तो श्वास कुणाच्या दारात सुटतो, हे मनातही आलं नव्हतं.

वर न बघताच म्हणालो, "बंद करतो, वहिनी."

"असू द्या भाऊजी, त्याला सवय झालीय."

मी किल्ली फिरवली. गल्ली शांत झाली, तरी त्यांचा हात बाळाच्या कानावरून हलला नाही.