घासणे या शब्दाचा अर्थ

अक्का गेल्याचे माझ्या भाचीने, सुमनने, शिंदखेड्याहून फोनवर सांगितले, तेव्हा डोळ्यांपुढे अक्काचा हसरा चेहरा आला. मात्र त्या हसण्यातले दात जुने होते की नवे, हे काही केल्या आठवेना… तीन आठवडे झाले, अजून आठवत नाही.

अक्का माझी थोरली बहीण. गावच्या विहिरीच्या पाण्याने तिच्या पुढच्या दातांवर लहानपणीच तपकिरी डाग पडले होते. मी जळगावला मामांकडे वाढलो, म्हणून वाचलो. हसू आले की तिचा पदर तोंडाशी जाई. सुमनच्या लग्नात तरी मोकळे हसायचे, एवढाच तिचा हट्ट होता. त्यासाठी आम्ही देवपुरातल्या एका दंतवैद्यांकडे गेलो. शिकलेला भाऊ सगळे समजून घेईल, म्हणून तिने मला मुद्दाम बोलावले होते.

“दातांवर चिनीमातीचे पापुद्रे चिकटवतात, नखाएवढे पातळ. व्हेनिअर म्हणतात,” डॉक्टर म्हणाले.

“तोंडमा कपबशी?” अक्का.

डॉक्टर हसले. “पण आधी दात थोडे घासावे लागतील.”

“मी ते रोजच घसस!”

आम्ही सगळेच हसलो. मला मात्र त्या शब्दाचा अर्थ कळला होता. दाताचा वरचा थर यंत्राने झिजवायचा. तो पुन्हा येत नाही आणि दात आयुष्यभर झाकूनच ठेवावे लागतात. डॉक्टरांनी माझ्याकडे वळून हे इंग्रजीत सांगितलेही. पण ती इतकी आनंदात होती… सांगेन, सांगेन म्हणत राहिलो, आणि पुढच्या खेपेला यंत्र सुरू झाले.

परतताना रिक्षात तिने विचारले, “तुले माहीत व्हतं का, भाऊ?”

मी होकारार्थी मान हलवली.

“मंग काबर सांगं नही?”

मी रिक्षावाल्याला पुढच्या वळणावर डावीकडे घ्यायला सांगितले. लग्नात ती पदर न लावता हसली. पुढे थंड पाण्याने कळ आली की माझ्याकडे एकदा पाही.

परवा शिंदखेड्याला गेलो. सुमन म्हणाली, “मामा, आई सगळ्यांना सांगायची, भाऊने बठ्ठं, अगदी सगळं समजावलं, मगच मी दातांना हात लावू दिला.”

अक्का मला सांभाळून घेत होती की टोचत होती? सुमनच्या डोळ्यांत कौतुक होते. ‘नाही गं, तसं नव्हतं,’ एवढेच म्हणायचे होते…

“अजून चहा घ्याल, मामा?”

मी हो म्हणालो.