विटेचा टवका

परदेशातल्या या म्युझियममध्ये आमचं काम म्हणजे प्रदर्शनाला आलेला माल पेटीतून काढून जागेवर लावायचा. त्या दिवशी चांदीची वीट होती. स्पेनचं एक जुनं जहाज परमुलखातल्या खाणींतली चांदी भरून मायदेशी निघालं आणि वाटेत बुडालं. त्यातून पाणबुड्यांनी वर काढलेली. काळीकुट्ट, पावाच्या लादीएवढी, पण उचलायला दोघे लागणारी.

झाकणाचे स्क्रू मी ड्रिलने काढत होतो. शेवटचा जाम होता. ड्रिल घसरून लाकडात घुसलं आणि खट्ट वाजलं. झाकण उचकटून पाहतो तर विटेला वरून चमच्याने उकरल्यासारखा खड्डा.

नववीतून शाळा सोडलेला माणूस मी; हे वर्क परमिट गेलं तर दुसरं कोण देणार? घरचं सगळं त्याच्यावर चाललेलं.

आमचे सुपरवायझर तमिळ, सगळे त्यांना अंकल म्हणतात. त्यांना हिंदीत सांगितलं, माझ्या हातून झालं. त्यांनी खड्डा पाहिला. मग म्हणाले, "मॅडमना तूच जाऊन सांग. मी सांगितलं तर तू लपवलंस असं दिसेल. चल, मी येतो बरोबर."

ते बरोबर आले, हे मी विसरणार नाही.

म्युझियमच्या मॅडम इथल्याच, चिनी वंशाच्या. "मॅडम, आय ब्रोक," एवढंच मला जमलं. त्यांनी टॉर्च आणला, वाकून पाहिलं आणि हसायलाच लागल्या. इथले लोक लावतात तसं शेवटी 'लाह' लावून म्हणाल्या, "तुला तीन-चारशे वर्षं उशीर झाला लाह. आत बघ."

खड्डाही विटेइतकाच काळा होता. चांदी शुद्ध आहे का ते बघायला त्या काळच्या तपासनिसाने तुकडा काढलेला, असं त्या म्हणाल्या. माझ्या ड्रिलचं टोक झाकणाच्या फळीतच मोडून बसलं होतं.

खरं तर हे मला आधीच कळायला पाहिजे होतं. मी हुपरीचा, चांदीच्या कामाच्या गावचा. टंच काढायला, म्हणजे चांदी किती शुद्ध ते बघायला, तिचा टवका घेतात, आणि ताजा काप पांढराशुभ्र असतो, हे मामाच्या भट्टीवर रोज पाहिलेलं.

जेवायच्या सुट्टीत मामाला फोन लावला. सगळं ऐकून तो म्हणाला, "शाळा सोडून पाच वर्षं माझ्याकडं काढलीस, आणि टंचाचा टवका वळखला न्हाईस?"

"भ्यालो होतो, मामा."

"भ्यायला हुपरीत जागा कमी पडली व्हय, म्हणून तिकडं गेलास?" मग लगेच, "चांदी चोख हाय का पण?"

मी पोटभर जेवलो.

परत आलो तर मॅडम काचेच्या कपाटापाशी उभ्या. खड्डा कुठल्या बाजूला ठेवायचा, म्हणून त्यांनी मलाच विचारलं. मी म्हटलं, लोकांकडे. अंकलनी एक टोक धरलं, मी दुसरं. वीट जागेवर बसली, टवका लोकांकडे करून.