आयर्लंडच्या आजोबांना कावळा शिवला तेव्हा

आधीच सांगतो, भूतखेत, मुंजा, हडळ यातलं मी काही मानत नाही. हाडं मोजणं हाच माझा धंदा आहे, यार... त्यांना घाबरलो तर पीएचडी कधी व्हायची?

मिशिगनमधलं ॲन आर्बर, फेब्रुवारी, भर दुपार. आमचा ग्रुप आयर्लंडमध्ये एक प्रागैतिहासिक वस्ती खणतोय — घरांचे पाये, चुली, गुरांची हाडं, आणि एका घराच्या दाराशी पुरलेला एक म्हातारा. त्याचा जबडा स्कॅनसाठी आमच्या लॅबमध्ये आणला होता. सोमवारी तो परत जाणार होता, आणि माझ्या थिसिसचं शेवटचं चॅप्टर त्या एका स्कॅनवर अडलं होतं.

जबडा मशीनमध्ये ठेवला की एरर. हरणाचा जबडा ठेवला — झकास चालतंय. परत म्हातारा — एरर. आमची टेक्निशियन मेग केबल बदलून बदलून थकली. "ही डझन्ट लाइक यू," म्हणाली.

आई तेव्हा सांगलीहून आलेली. डबा घेऊन आली, माझं तोंड बघितलं आणि सगळं विचारून घेतलं.

"आजोबांची इच्छा राहिलीय काहीतरी. दहाव्याला कावळा शिवला होता का?"

"आई, हजारो वर्षं झाली त्यांना जाऊन."

"मग केवढा खोळंबा झालाय बघ."

डब्यातल्या भाताचा गोळा वळून तिने पार्किंगमधल्या बाकावर ठेवला. इथे हिवाळ्यात कावळ्यांना तोटा नाही, झाडं काळी झाली होती. पण एकही हलेना.

"तुमची गुरं आम्ही बघतो हो, आजोबा," आई म्हणाली. ढिम्म.

"सुनेला अंतर देणार नाही." एका कावळ्याने आमच्याकडे पाठ केली.

"काम झालं की तुम्हाला घरी पोचवतो," मी म्हणालो. लाज वाटत होती, कारण मेग खिडकीतून बघत होती. तरी काही नाही.

"दर्भाचा कावळा करावा लागणार," आई म्हणाली. आता मिशिगनमध्ये दर्भ कुठून आणू?

मग ती बाकाजवळ गेली. शाल ओढून घेत हळूच म्हणाली, "काम झालं की हाही घरी येईल. मी शब्द देते."

म्हणजे शब्द हिचा आणि जायचं मी! तोंड उघडणार तोच एक धिप्पाड कावळा उतरला आणि अख्खा गोळा उचलून गेला.

वर आलो. स्कॅन पहिल्या फटक्यात झाला. आता प्रिंटर अडला तरी मेग मला भात आणायला सांगते.

केबल सैल असेल... कावळा भुकेला असेल... मान्य. पण बॉस्टनहून मला नोकरीची ऑफर आलीय, हे मी आईला तोपर्यंत सांगितलंच नव्हतं. धीरच होत नव्हता. मग तिने नेमका तोच शब्द का दिला, आणि आजोबांना तोच का पटला?

आजोबा सोमवारी घरी गेले. आईही गेली. कधी येतोस म्हणून ती एकदाही विचारत नाही. काल फोनवर एवढंच म्हणाली, "सकाळपासून खिडकीत कावळा ओरडतोय. कोण पाहुणं येणार आहे कुणास ठाऊक."

बॉस्टनला अजून उत्तर दिलेलं नाही. तिकिटं बघतोय.