ट्रक गेला गं, आई

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आणि मी काही गोष्टी पोटात ठेवणारा माणूस नाही — इथं अमेरिकेत, फ्रीमाँटमधल्या कुठल्याही मराठी घरी विचारा. पॉटलकला, जिथं प्रत्येक जण एकेक पदार्थ आणतो, मी पोचलो की लोक खुर्च्या जवळ ओढतात. मी इमिग्रेशन ऑफिसरची नक्कल करतो, बायकोची करतो, आणि तीही ती समोर बसलेली असताना. हातातल्या प्लेटमधलं जेवण गार होतं, पण मी थांबत नाही. आवडतं हो मला! लोक हसायला लागले की अंगात काहीतरी संचारतं. आता इतकं बोलणाऱ्या माणसाकडं एक न सांगितलेली गोष्ट असावी, याचा तुम्हाला संशय येत नाही का?

गोष्ट आईची आहे. म्हणजे — माझी. आईला पुढं करायचं, ही माझी जुनीच सवय.

आम्ही मराठवाड्यातले, भूकंपाच्या पट्ट्यातले. ती पहाट झाली तेव्हा मी औरंगाबादला हॉस्टेलमध्ये झोपलो होतो. गावातल्या दगडमातीच्या घरात आई, बाबा आणि माझी धाकटी बहीण होती. आई-बाबांना लोकांनी ओढून काढलं. बहीण आतच राहिली. त्यानंतर जमीन या गोष्टीवर आईनं कधी पुरता विश्वास ठेवला नाही. हादरा तिला तळपायातून कळायचा. बाबा म्हणायचे, कुत्र्यांच्याही आधी कळतो हिला. तेव्हा धक्के कितीतरी महिने येत राहिले, आणि पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्या बायकांनी एक युक्ती काढली होती. स्टीलचे तीन पेले घ्यायचे. एक उपडा, त्यावर एक सुलटा, त्यावर पुन्हा उपडा. जरा हाललं की ते कोसळतात, खणखणाट होतो, माणसं बाहेर पळतात. बाकीच्या बायकांनी पुढं ते सोडून दिलं. आईनं नाही.

बाबा गेल्यावर मी तिला मॅसॅच्युसेट्सला आणलं, आमच्या तेव्हाच्या श्रूजबरीच्या घरी. बर्फाला ती मनापासून शिव्या द्यायची, पण झोपायची गाढ. बुद्धमूर्तीशेजारच्या फळीवर तिचे तीन पेले उभे असायचे. तिथं ते कधी पडले नाहीत.

मग मला कॅलिफोर्नियात नोकरी लागली. आईनं एकच विचारलं — तिथली जमीन कशी आहे?

फ्रीमाँटच्या घरांखालून फॉल्ट जातो, म्हणजे भूकंपाची भेग. हे इथं सगळ्यांना माहीत असतं. गावाबाहेरून ओढा जातो असं सांगावं, तसं लोक सांगतात. मी आईला म्हणालो, दगड आहे गं, नुसता दगड. का म्हणालो? तिची भीती पुन्हा जागी व्हायला नको म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. पण खरं सांगितलं असतं तर ती आलीच नसती, भारतात मामाकडं परत गेली असती. आणि माझी मुलगी मैत्री तेव्हा आठ वर्षांची होती. सुजाताला, माझ्या बायकोलाही तिकडंच काम मिळालं होतं. शाळा सुटल्यावर घरी कुणीतरी हवं होतं. एवढंच. याच्यापेक्षा मोठं कारण असतं तर मी तुम्हाला आनंदानं सांगितलं असतं.

एकदा खोटं बोललो म्हटल्यावर ते सजवणं आलं. आणि सजवण्यात माझा हात कोण धरणार? आई विमानातून उतरायच्या आधीच मी इथल्या मराठी मंडळातल्या सगळ्या काका-काकूंना तालीम दिली. माझ्या घरात भूकंप हा शब्द उच्चारायचा नाही, ट्रक म्हणायचं. सगळ्यांच्या फोनवरची धोक्याची सूचना मी स्वतः बंद केली. मैत्रीला शाळेत धक्का आला की टेबलाखाली शिरायला शिकवायचे. तिला मी सांगितलं, हे आपलं सिक्रेट, आज्जीसमोर करायचं नाही. पोरगी माझ्यापेक्षा सरस निघाली. पहिल्याच धक्क्याला आई खोलीतून बाहेर आली आणि म्हणाली, हाललं का रे? मी तोंड उघडायच्या आत मैत्रीनं होमवर्कमधून मानही वर न करता म्हटलं, "It's a truck, Aaji."

मी मग दिवाणखान्यात उड्या मारून दाखवल्या. बघ आई, ही अमेरिकन घरं लाकडाची, जाड माणूस नाचला तरी हलतात! धाप लागेपर्यंत नाचलो. आई पदर तोंडाला लावून हसत होती. सुजाता हसली नाही. तू सांगून टाक त्यांना, असं ती मला दोन-तीनदा म्हणाली, मग तिनंही सोडून दिलं. इथवरचं तिला माहीत आहे. यापुढचं नाही.

पेल्यांचं काय करायचं? ते अजून सामानाच्या खोक्यातच होते, पण बाहेर निघाले की ट्रकवर विश्वास ठेवणार नव्हते.

इथं दुकानात एक पुट्टी मिळते. मऊ, चिकट, चघळलेल्या च्युइंगगमसारखी. धक्क्यानं शोभेच्या वस्तू पडू नयेत म्हणून त्यांच्या बुडाशी लावतात. सुजातानं टीव्हीसाठी आणि फुलदाणीसाठी आणली होती, त्यातली उरली होती. आईच्या खोलीतली फळी मी मुद्दाम उंच ठोकली. म्हटलं, तुझा हात पोचत नाही, पेले मी लावतो. तिला बरं वाटलं. ती खाली उभी राहून सांगत होती — हळू, नीट, सरळ ठेव. आणि मी तिच्याकडं पाठ करून प्रत्येक पेल्याखाली पुट्टीची गोळी दाबत होतो. मला हसू येत होतं. हे लिहायला फार जड जातंय, पण खरंय — मला माझ्या कल्पकतेचं कौतुक वाटत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं त्याच फळीसमोर, बुद्धमूर्तीपुढं उभे राहिलो आणि रोजच्यासारखं पंचशील म्हटलं. खोटं बोलणार नाही, हे त्यात चौथं येतं. माझा आवाज चांगला आहे. आई म्हणायची, तू म्हणतोस तेव्हा प्रसन्न वाटतं.

वर्षभरानंतरची एक दुपार. मी घरून काम करत होतो, आईच्या खोलीत तिच्यासोबत चहा घेत होतो. धक्का आला, नेहमीपेक्षा मोठा. स्वयंपाकघरात कपाटातली भांडी वाजली. आईनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की नखं रुतली. ती उठायला लागली, आणि उठता उठता तिनं फळीकडं पाहिलं.

पेले उभे होते.

तिनं माझं मनगट सोडलं. हळूहळू, एकेक बोट. परत पलंगावर बसली.

"नाही हाललं का?"

"नाही गं. चक्कर आली असेल तुला."

ती बराच वेळ पेल्यांकडं बघत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे माझंच हलायलंय लेकरा."

तेव्हा सांगता आलं असतं. खुर्चीवर चढायचं, पेला ओढून दाखवायचा, पाया पडायचं. किती वेळ लागला असता? मी चहाचे कप उचलले आणि आत गेलो.

तुम्ही म्हणाल, इथंच संपलं असेल. मलाही तसंच वाटलं होतं. पण आईनं स्वतःहून डॉक्टरकडं न्यायला सांगितलं. तिला इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळं दुभाषी मीच. डॉक्टरांनी कान तपासले, डोळे तपासले, एका रेषेवर चालवलं. आई शाळकरी मुलीसारखी मन लावून चालली. काहीच सापडेना. तेव्हा ते डॉक्टर हसून मला म्हणाले, त्या दिवशी तर खरंच भूकंप झाला होता, तोच जाणवला असेल यांना, नाही का? आईनं आशेनं माझ्याकडं पाहिलं. डॉक्टर हसले होते ना — म्हणजे काहीतरी चांगलं सांगितलं असणार.

"काय म्हणले रे?"

मी म्हणालो, "वयामुळं होतं म्हणतात. घाबरायचं नाही."

पेल्यांचं एकवेळ चेष्टेत घालवता येईल. याचं काय करायचं? एका परक्या माणसानं तिला तिचं शहाणपण परत दिलं होतं. ते माझ्या हातून तिच्यापर्यंत पोचायचं होतं. मी दिलं नाही.

त्यानंतर आईनं गॅसजवळ उभं राहणं सोडलं. चक्कर येऊन पडले तर? रस्ता ओलांडताना मैत्रीचा हात धरणं सोडलं. मी पडले तर पोरीला घेऊन पडेन. बागेत तिच्या दोन-चार मैत्रिणी झाल्या होत्या, पंजाबी, गुजराती आज्या. मोडक्या हिंदीत त्यांचं छान चालायचं. तिकडं जाणंही तिनं थांबवलं. आणि मला हायसं वाटलं. त्या बायकांना मी तालीम दिलेली नव्हती, त्या केव्हाही खरं बोलल्या असत्या. कळलं का तुम्हाला मी काय म्हणतोय? माझी आई दिवसभर खिडकीशी एकटी बसायला लागली, आणि मी सुटकेचा श्वास टाकला.

पेल्यांकडं बघणं तिनं सोडून दिलं होतं. विचारायची एवढंच, की डोकं पुरतं जाईल का? मग तुम्हाला ओळखेन ना मी? मी नकला करून तिला हसवायचो. ती हसायची, माझं मन राखायला.

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. हृदय थांबलं, झोपेत. पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी तिच्या गमतीजमती सांगितल्या. लोक डोळे पुसत हसले.

तिच्या शेवटच्या हिवाळ्यातली एक संध्याकाळ मी कुणाला सांगत नाही. आम्ही चौघं जेवत होतो. बारीकसा धक्का आला, वाटीतलं वरण थरथरेल इतकाच. आईच्या हातातला घास थांबला. दुसऱ्या हातानं तिनं टेबलाची कड धरली. मैत्रीनं माझ्याकडं पाहिलं. ट्रकचं वाक्य तिच्या ओठावर तयार होतं. सुजातानं मान खाली घातली. आम्ही सगळे वाट बघत होतो, आई विचारेल म्हणून.

तिनं विचारलं नाही. कड धरून ते थांबेपर्यंत थांबली, मग ओशाळल्यासारखी हसली, तिच्याकडून काहीतरी सांडलं असावं तशी. आणि घास तोंडात घातला.

माझ्याही पायाखालची फरशी हलली होती. मला स्वच्छ कळलं होतं. मी म्हणालो, वरण छान झालंय, आणि अजून एक वाटी वाढून घेतली.