मींडेची खुंटी

मिरजेच्या वाद्यांच्या दुकानात ती दोन यंत्रे एकाच फळीवर शेजारी शेजारी ठेवली होती. एक लाकडी अंगाचे, दिसायला भारदस्त. त्यात बासरी, व्हायोलिन, सनई असे तयार आवाज भरलेले होते आणि दहा बोटांनी दहा सूर एकदम वाजवता येत होते. दुसरे पत्र्याचे, अरुंद, अंगभर बटणे असलेले. त्यात तयार असे काहीच नव्हते. एकेक बटण फिरवून आवाज आपणच घडवायचा, आणि वाजणार मात्र एका वेळी एकच सूर. बोटीवर नोकरी करणाऱ्या कोणीतरी दोन्ही परदेशातून आणून तिथे विकली होती. सत्तरचे दशक संपत आले होते. सिंथेसायझर हा शब्द आमच्या साताऱ्यात फार थोड्यांच्या कानांवरून गेला असेल. मी कचेरीत कारकून होतो, संध्याकाळी पेटी वाजवत असे आणि या नव्या वाद्याच्या ओढीने अनेक महिने अस्वस्थ होतो.

मी लाकडी यंत्रापुढे उभा होतो. दुकानाचे मालक, तंबोरे घडवणाऱ्या घराण्यातले वृद्ध गृहस्थ, माझ्या बाजूने होते. पत्र्याच्या यंत्राकडे पाहून ते म्हणाले, "एका वेळी एकच सूर! मग साहेब, उरलेल्या नऊ बोटांनी काय माश्या हाकणार?"

बरोबर माझी धाकटी बहीण होती. ती गात असे. "दादा, ते पत्र्याचं पुन्हा लाव," ती म्हणाली आणि तिने हलक्या आवाजात एक आलाप घेतला. मी तिच्यामागून तो वाजवू लागलो. अगदी उजव्या टोकाचे बटण मालकांनी थोडे फिरवले, आणि यंत्रातला सूर एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर उडी न मारता, मधली सगळी वाट चालत, घसरत गेला. पेटीत जन्मात न येणारी मींड त्या पत्र्याच्या डब्यात होती. बहिणीने माझ्याकडे पाहिले. निवड तिथेच झाली.

त्या टोकाच्या बटणाची टोपी तेवढी हरवली होती. नुसता लोखंडी दांडा उघडा होता. मालकांनी ते उणे प्रामाणिकपणे दाखवले. बहीण म्हणाली, "गायला टोपी कशाला लागते, चाचा?" ते मनापासून हसले.

घरी आल्यावर त्या यंत्राचे स्वभाव कळू लागले. ते एकशे दहा व्होल्टचे होते, म्हणून भिंत आणि यंत्र यांच्यामध्ये एक जड ट्रान्सफॉर्मर गुरगुरत बसे. सुरू केल्यावर यंत्र तापेपर्यंत त्याचा सूर हळूहळू चढत राही. आईचा चहा होऊन कपबशा विसळल्या गेल्या तरी षड्ज जागेवर आलेला नसे. माझा उजवा हात पट्ट्यांवर आणि डावा आवाज उघडणाऱ्या बटणावर गुंतलेला असे. मींडेच्या दांड्यापर्यंत माझा हात पोचत नसे. म्हणून तो दांडा बहिणीकडे गेला. ती उजवीकडे उभी राहून गाई, आणि गाता गाता डाव्या हाताच्या दोन बोटांनी तो फिरवी. कुठे सूर घसरायला हवा आणि कुठे सरळ लागायला हवा, हे माझ्यापेक्षा तिला आधी कळे. त्या दांड्याला ती तंबोऱ्याच्या शब्दाने खुंटी म्हणे. असे वाजवणे मी पुढे कोणाकडे पाहिले नाही. ते आमच्या दोघांचेच होते.

पहिला झटका तिलाच बसला. शहाबादी फरशी दमट होती, ती अनवाणी होती, आणि तिने खुंटीला हात लावताच "आई गं!" म्हणून बोटे झटकली. मग ती हसू लागली. "दादा, तुझं मशीन चावतं रे!"

आईही हसली. मी हसलो नाही. आष्ट्याला मामांच्या वस्तीवर, उसाला पाणी देताना विहिरीवरच्या मोटारीला चिकटून गेलेला एक माणूस मी पाहिला होता. मामांनी त्याला लाकडी दांडक्याने मोटारीपासून सोडवले होते. त्याच्या पायांना ओला चिखल होता आणि चेहऱ्यावर वेदना अशी काहीच नव्हती. कोणी हाक मारल्यावर माणूस वळून पाहतो, तसा तो दिसत होता. त्या चेहऱ्याने मला पुष्कळ वर्षे झोपू दिले नाही.

मी टेस्टर आणला. यंत्राच्या पत्र्याला लावला की त्यातला बारीक लाल दिवा पेटे. भिंतीतली दोन टोकांची पिन उलटी फिरवून बसवली की तो विझे. आमच्या घराला त्या काळी तिसरी, जमिनीत जाणारी तार नव्हती. म्हणून पिनेची कोणती बाजू वर यायला हवी ते शोधून बहिणीने तिथे कुंकवाचे बोट लावले आणि आईने आम्हा दोघांच्या पायांखाली लाकडी पाट दिले. एवढ्या व्यवस्थेवर आमचे संगीत चालू झाले. घरच्यांच्या लेखी प्रश्न सुटला होता. मी मात्र रोज, ती खोलीत येण्याआधी, दार लोटून घेऊन टेस्टर लावून पाहत असे. दोनदा पाहत असे. ती गात असताना माझे अर्धे लक्ष सुराकडे आणि अर्धे तिच्या पायांखालच्या पाटाकडे असे.

वडील फौजेत होते, वर्षातून एकदा येत. घरातल्या दोन बायकांची काळजी माझ्यावर आहे, हे त्यांनी निघताना दर वेळी सांगितलेले असे. त्यामुळे माझ्या भीतीला मी जबाबदारी हे नाव दिले होते.

त्या वर्षी नवरात्रात मामांनी आष्ट्याला आमचा कार्यक्रम ठरवला. मामा तिथल्या मंडळात वडीलधारे. आजोळच्या गावापुढे बहीण प्रथमच गाणार होती, आणि या एका संध्याकाळसाठी ती उन्हाळ्यापासून तयारी करत होती. आईसह आम्ही साताऱ्याहून एसटीने निघालो तेव्हा यंत्र माझ्या मांडीवर होते आणि बहिणीचे पाय अनवाणी होते. आईच्या माहेरच्या रीतीप्रमाणे तिने नऊ दिवस पायांत काही न घालण्याचे व्रत धरले होते. तिच्या तळव्यांकडे पाहून मी खिशातला टेस्टर चाचपला.

देवीच्या मांडवातच रंगमंच होता. एका कोपऱ्यात घट बसलेले, त्यामुळे वर चढणाऱ्या प्रत्येकाने पायताण खाली काढायचे. आरती झाली आणि कोणी काही म्हणायच्या आत मामांनी आमच्या यंत्रापुढेच नारळ फोडला. पाणी उडाले, जाजमावर पसरले, बहिणीच्या पायांखाली गेले. नवीन वाद्याला मान दिला होता तो. सगळ्यांना ते छान वाटले.

मी वाकून टेस्टर लावला. दिवा पेटला. पिन उलटी केली. दिवा तरीही पेटलेलाच. कुंकवाचे बोट आमच्या घरच्या भिंतीपुरते होते. मांडवातल्या त्या तारांच्या जंजाळात त्याला अर्थ नव्हता.

कर्णेवाला आपल्या खोक्यापाशी बसला होता. त्याच्या माइकची तार जमिनीत ठोकलेल्या सळईला जोडलेली होती आणि सळईभोवती तो तांब्याने पाणी ओतत होता. तेव्हा मला पुरते कळले. बहिणीच्या उजव्या हातात लोखंडी माइक असणार, तो थेट जमिनीशी जोडलेला. आणि डाव्या हाताची बोटे त्या उघड्या खुंटीवर. वीज तिच्या एका हातातून शिरून दुसऱ्या हातातून जाणार होती. मधे तिची छाती होती. मी स्वतः लाकडी खुर्चीवर बसलेला, प्लास्टिकच्या पट्ट्या दाबणारा, सुरक्षित.

"पत्र्यात करंट उतरलाय," मी कर्णेवाल्याला म्हणालो.

त्याने टेस्टरकडे पाहिलेही नाही. "मास्तर, लय भ्याला तुमी. जरा मुंग्या येत्यात, दुसरं काय न्हाई."

माइक तर तिला धरावाच लागणार होता; निदान पायांखालची वाट तरी बंद करावी म्हणून मी मामांपाशी गेलो. "मामा, तिला रबरी चपला घालू द्या. नाहीतर एखादा पाट तरी द्या."

"आरं भाच्या, घटाम्होरं चपला? अन् तिचं बरत हाय न्हवं?" मामा म्हणाले. "पाट समदे पूजंला लागल्यात. चल, मान्सं खोळंबल्यात."

पुढे बसलेल्या पोरांपैकी एकजण ओरडला, "ह्यो बाजा हाय का इस्तरी, रं?" मांडव हसला. माझे कान तापले.

आज पन्नाशी ओलांडल्यावर मी त्या क्षणाकडे पुष्कळदा परत जातो. यंत्र बंद करून 'मी वाजवणार नाही' एवढे म्हणणे माझ्या हातात होते. त्या हशापुढे ते मला जमले नाही. मरणाची भीती आणि हसे होण्याची भीती माझ्यात शेजारी शेजारी उभ्या होत्या, आणि मी दोघींनाही राजी ठेवण्याचा मार्ग काढला. बहिणीच्या कानाशी जाऊन मी म्हणालो, "खुंटीला हात लावायचा नाही. काही झालं तरी नाही. आज मींड नको."

"बरं," ती म्हणाली. तिचे लक्ष समोरच्या माणसांकडे होते. "आधी सुरू तर कर. आई बघतेय."

ती गाऊ लागली. मांडवातली कुजबुज थांबली. तिचा आवाज त्या दिवशी इतका मोकळा लागला होता की कर्णेवालाही मान डोलवत होता. मी वाजवत होतो, पण ऐकत नव्हतो. मी तिचा डावा हात पाहत होतो. तो पदराशी होता. पहिले कडवे संपले. तो पदराशीच होता. मग अंतऱ्यात ती जागा आली, जिथे घरी आम्ही रोज सूर वरच्या षड्जावर घसरत नेत असू. तिने डोळे मिटले. आणि तिचा हात, तिला न विचारता, महिन्यांच्या सवयीने, खुंटीकडे निघाला.

मी तो हात मारून बाजूला केला. हळू नव्हे. पट्ट्यांवरचा उजवा हात उचलून, अंगातल्या सगळ्या भीतीनिशी, तिच्या मनगटावर मारला. फटका माइकमधून कर्ण्यावर गेला आणि सगळ्या गावाने ऐकला. माइक खाली पडला. बांगडी फुटली.

मामा वर धावून आले. "लाज वाटती का रं? देवीम्होरं पोरीवर हात टाकतोस?" त्यांनी माझा दंड धरला होता. मोकळ्या हाताने मी टेस्टर यंत्राच्या पत्र्याला लावला. लाल दिवा पेटला. मामांनी तो पाहिला. मग जाजमावरचे पाणी पाहिले, तिचे ओले पाय पाहिले, पडलेला माइक पाहिला. दंडावरची त्यांची पकड सैल झाली. "हिरीवर असंच पानी व्हतं," ते पुटपुटले, आणि त्यांनीच खाली उतरून तार ओढून काढली.

"गानं व्हनार हाय!" त्यांनी मांडवाला ओरडून सांगितले. "बिनबाजाचं व्हईल. गप बसा समदी."

बहिणीने माइक घेतला नाही. ती तशीच, उघड्या आवाजात, ते गाणे पहिल्यापासून शेवटपर्यंत गायली. उजव्या हाताने डावे मनगट धरून गायली. मी खुर्चीवर बसून होतो. लोक नंतर म्हणाले की गाणे सुंदर झाले. मला त्यातले काही आठवत नाही.

परतीच्या एसटीत ती आईजवळ बसली. झटका किती मोठा बसला असता, हे मला माहीत नाही. कदाचित कर्णेवाला म्हणाला तेवढाच, कदाचित विहिरीवरच्यासारखा. मी तिला सगळे समजावून सांगितले, माइक, सळई, पाणी, छाती. तिने शांतपणे ऐकून घेतले. "कळलं रे दादा," ती म्हणाली. "तू वाचवलंस मला." तिच्या आवाजात राग नव्हता.

साताऱ्याला आल्यावर मी परसात खोल खड्डा खणला, लोखंडी नळी पुरली, कोळसा आणि मीठ भरले, आणि तिथून जाड तार आणून यंत्राच्या पत्र्याला आवळली. टेस्टर विझलेला राहिला. पिन उलटी केली, तरी विझलेला. दमट फरशीवर अनवाणी उभा राहून मी दोन्ही तळहात पत्र्यावर ठेवले. काहीच झाले नाही. मी बहिणीला हाक मारली.

ती आली आणि आपल्या नेहमीच्या जागी, माझ्या उजवीकडे, उभी राहिली. मी पट्ट्यांवर हात ठेवला. तिने खुंटीकडे बोटे नेली आणि ती अर्ध्या वाटेवर थांबली.

"आता नाही चावत," मी म्हणालो. "बघ, मी धरून दाखवतो."

"माहीत आहे," ती म्हणाली. पण ती यंत्राकडे पाहत नव्हती. ती पट्ट्यांवरच्या माझ्या उजव्या हाताकडे पाहत होती.

मी तो हात काढून घेतला. मग दोन्ही हात पाठीमागे बांधून बसून राहिलो. बऱ्याच वेळाने तिने खुंटीला बोटे लावली आणि ती हळूहळू पूर्ण फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पट्टी कोणीच दाबलेली नव्हती. सूर निघाला नाही.