हौसाक्कांची वाकळ

आज सकाळी खुटबावच्या हौसाक्का गेल्या.
आणि त्यांच्या गरिबीचा एकही शॉट माझ्याकडे नाही.

नसण्याचं कारण स्वतः हौसाक्का.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. शिक्रापुरात माझा व्हिडिओ शूटिंगचा धंदा जोरात होता. लग्न, बारसं, वास्तुशांत. मिक्सिंगमध्ये नवरा-नवरी बदामात घालून द्यायचो आणि लोक खूश व्हायचे.

अशात पुण्याच्या एका संस्थेच्या मॅडमचा फोन आला. खुटबावच्या बायका गोधड्या शिवतात, पुण्यात प्रदर्शनात त्या विकल्या जातात. त्यावर डॉक्युमेंटरी करायची होती. विषय : कलेनं गरिबांचं आयुष्य कसं बदलतं.

डॉक्युमेंटरी म्हणजे काय, हे मला तेव्हा धड माहीत नव्हतं. तरी 'करतो की' म्हणालो. आपला स्वभावच तसा.

गोधडीला आमच्याकडे वाकळ म्हणतात. जुन्या लुगड्या-धोतरांचे थर लावायचे आणि बारीक टाक्यांनी शिवत जायचं. त्यात हौसाक्कांचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. धनगराचं घर. पूर्वी मेंढरांमागं हिंडायचे, मग खुटबावला स्थिरावले. मालक लवकर वारले. पदरात एक मुलगी, कमल.

शूटिंगला पोचलो तर आधी एकदा बघून गेलेलं घर ओळखू येईना.
भिंती ताज्या सारवलेल्या. फळीवर शेजारपाजारची सगळी स्टीलची भांडी. दारात हौसाक्का, उसनी जरीकाठाची साडी नेसून, हात जोडून, थेट कॅमेऱ्याकडे बघत उभ्या. लग्नातला शूटिंगवाला येणार म्हटल्यावर माणूस दुसरं काय करणार?
मीही सवयीनं ओरडलो, "अक्का, हसा जरा!"

कॅसेट बघून मॅडमचा फोन. "अहो, यात गरिबी कुठंय? बिफोर दिसल्याशिवाय आफ्टर कसं कळणार? त्यांना जुनी फाटकी साडी नेसायला सांगा. नाहीतर फिल्म पुढं जाणार नाही."

परत खुटबाव. अंगणात वाकळ पसरून हौसाक्का टाके घालत होत्या. मी चाचरत सांगितलं. त्यांनी सुई खाली ठेवली.

"फाटकं नेसून माझं शूटिंग काढणार. ते समद्यास्नी दावणार. आन् मग माझ्या कमलशी सोयरीक कोण करंल?"



कमलची बोलणी चालू होती. वडगाव रासाईचं स्थळ. मुलगा शिक्रापूरला कंपनीत होता, घरची बागायत. एवढं चांगलं स्थळ बिनबापाच्या पोरीला पुन्हा आलं नसतं. हौसाक्कांचा जीव त्यात अडकला होता.

"आन् फाटकं लुगडं आता आणू कुठनं? ते हितं बसलंय," त्या म्हणाल्या, आणि वाकळेवर हात ठेवला.

"हे काळं हाय ना, हे नेसून मेंढरामागं हिंडली म्या. हा मालकांचा पटका. आन् हे टोपडं... कमलच्या पाठीवर एक पोर झाली व्हती. न्हाई राहिली."

मग म्हणाल्या, "गरिबी पायजे ना तुमास्नी? ही घ्या. माझं तोंड नका दावू."

मी कॅमेरा वाकळेवर लावला. वर त्यांचा आवाज, खाली टाके घालणारा हात. एकेक तुकडा बोलत गेल्या. शेवटच्या कोपऱ्यात त्यांनी भाकरीचा तुकडा ठेवला आणि कोपरा शिवून टाकला. आमच्याकडची रीत. वाकळ उपाशी ठेवत नाहीत.

मॅडमनी ती कॅसेट बघितली आणि फाटक्या साडीचं नाव पुन्हा काढलं नाही.

फिल्म दौंडला दाखवली, एका शाळेच्या हॉलमध्ये. समोर टेबलावर ती वाकळ ठेवलेली. पाहुण्यांतल्या एका बाईंनी विचारलं, "आत भाकरी? मग उंदीर नाही का लागत?"
हौसाक्का म्हणाल्या, "लागला तर लागला. त्यालाबी भूक हायच की."
हॉल हसला. पण हौसाक्कांचं लक्ष भलतीकडंच होतं. मागच्या रांगेत मुलाची आई बसली होती. पारूबाई. कुणी बोलावलं नव्हतं, पोरीकडचं घर कसंय ते बघायला आपण होऊन आलेल्या.

फिल्म संपली. पारूबाई उठल्या, सरळ टेबलाशी आल्या. टाक्यांवरून अंगठा फिरवला.

"ही वाकळ लग्नात देता का?"

"जुन्या कापडाची हाय ओ. नवी करून देते."

"नवी नगं. हीच."

हौसाक्का चपापल्या. लग्नाच्या वस्तूंत कुणी असलं देतं का? "ह्यात गेल्या माणसाचं कापड हाय, बाई."

"आसू द्या की. पोरीच्या अंगावर बापाचा पटका ऱ्हाईल."

हौसाक्कांनी तिथंच डोळ्याला पदर लावला. खरं सांगतो, मी पण रडलो. शेकड्यानं लग्नं शूट केली, पण अशी सुपारी फुटताना पुन्हा पाहिली नाही.

पुढं वाकळांना मागणी वाढली. गावातल्या बऱ्याच बायका हौसाक्कांच्या हाताखाली तयार झाल्या. पत्रा जाऊन स्लॅब आला. मॅडमच्या भाषेत आफ्टर.
मी मात्र परत लग्नांकडंच वळलो.

आज दुपारी खुटबावला गेलो. कमलकडं बघवत नव्हतं. हौसाक्कांच्या उशाशी पारूबाई बसलेल्या. आता पार वाकल्यात, दिसतही कमी. सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता म्हणे.

पुण्याहून आलेल्या एका बाईंनी हळूच विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?"

"विहीण," पारूबाई म्हणाल्या. मग हौसाक्कांच्या कपाळावरचे केस मागं सारत राहिल्या.

"सून तर मला कुठलीबी मिळाली आसती, बाई. म्या हौसाशी सोयरीक केली व्हती."

अक्का, सावकाश जा.
मनापासून नमस्कार. 🙏