न मागितलेला कांदा

इस्तंबूलची सहल करून आलो, त्याच आठवड्यात नळदुर्गजवळ हायवेच्या ढाब्यावर जेवायला थांबलो. मालक पोटाशी कांद्याची परात धरून टेबलांमधून फिरत होता. कुणाची ताटली रिकामी दिसली, की न विचारता मूठभर कांदा आणि लिंबाची फोड टाकायचा. माझ्याकडं आला तसा मी ताटलीवर हात आडवा धरला.

"का वो? कांदा खात न्हाय?"

मग त्याला सगळं सांगितलं. तिकडच्या हॉटेलात न मागता चटण्या, लोणची समोर ठेवली. आम्ही आपल्या ढाब्याच्या सवयीनं फस्त करून वर आणखी मागवली. बिलात प्रत्येक वाटीचे वेगळे पैसे. जेवणापेक्षा वाट्याच महाग पडल्या.

त्याला हसू आलं नाही. परात टेबलावर टेकवून म्हणाला, "आपल्या हातानं वाढून पैशे घेतले? लई वंगाळ." आणि माझा हात बाजूला सारून त्यानं दोन मुठी कांदा टाकला, जणू इस्तंबूलची भरपाई त्याच्यावरच आली होती.

जेवण झालं. बिल हातात घेऊन मी वरून खाली, पुन्हा खालून वर वाचत होतो. गल्ल्यावरून आवाज आला,

"कांदा हुडकताय व्हय? त्यो पोटात गेला की वो!"